यकृताच्या दोन संध्याकाळी

माणूस कशाने आजारी पडला हे त्याच्या तोंडावर सांगायचं, हे माझं काम आहे. डॉक्टर आजाराचं नाव सांगतात, गोळ्या लिहून देतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. 'हे मलाच का झालं' असं विचारलं की पूर्वी ते 'लाइफस्टाइल' एवढा एक शब्द टाकून मोकळे व्हायचे. आता लोक तो प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. मिरजेच्या आमच्या केंद्रात सवयवाचक यंत्र बसवून अकरा वर्षं झाली, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्यासमोर मी बसते आहे.

यंत्र दिसायला काही खास नाही. शिवणयंत्राएवढा पांढरा डबा, वर एक पडदा. पण तो जे वाचतो ते माणसाला स्वतःबद्दलही ठाऊक नसतं. आपल्या प्रत्येक पेशीत आईबापांकडून आलेली तीच लांबलचक पोथी असते. तिचं कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, हे तिच्यावर चिकटलेल्या बारीक रासायनिक खुणा ठरवतात. या खुणा जन्मभर बदलत राहतात, आणि त्या बऱ्याचशा आपल्या सवयींनी बदलतात. सिगारेट ओढणाऱ्याच्या खुणा वेगळ्या, रात्रपाळी करणाऱ्याच्या वेगळ्या, हे शास्त्रज्ञांना जुनंच माहीत होतं. नवीन एवढंच झालं, की कोट्यवधी लोकांच्या खुणा आणि त्यांचा दिनक्रम एकमेकांशी ताडून पाहणारं यंत्र निघालं. त्याला रक्ताचे चार थेंब, डोक्याचा एक केस आणि यकृताचा सुईच्या टोकाएवढा तुकडा दिला की ते आजाराचे शंभर भाग करून कुणाच्या पदरात किती टाकायचे ते सांगतं. इतके आनुवंशिक, इतके खुर्चीचे, इतके झोपेचे, इतके ताटातले.

लोक त्याला 'वाटणी' म्हणतात. हल्ली पत्रिका जुळली तरी मुलीचे वडील मुलाची वाटणी मागतात. मुलाकडचे नाक मुरडतात आणि मुलीची मागतात.

मागच्या डिसेंबरात जयसिंगपूरचे एक गृहस्थ आले होते. गाड्यांच्या शोरूमचे मॅनेजर, वय चव्वेचाळीस, यकृतात चरबी, रक्तदाब वाढलेला. बरोबर बायको. तिची खात्री होती की हा सगळा शनिवारच्या मित्रमंडळींचा प्रताप आहे. मी वाचायला लागले. दिवसाचे अकरा तास खुर्चीत, त्याचे एकोणतीस. रात्री दोन-दोनपर्यंत मोबाइल, त्याचे चोवीस. पाकिटातलं चटरमटर, बावीस. दारू, सहा.

"सहाच?" बाई म्हणाल्या. "मॅडम, जरा नीट बघा की."

नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. पण बाई शेजारच्या टेबलावर सही करायला गेल्या तेव्हा तो हळूच वाकून म्हणाला, "मोबाइलचे चोवीस जरा कमी करून सांगितले असते तर बरं झालं असतं. आता ही रात्री फोन काढून घेणार."

"यंत्र लिहितं, मी वाचते," मी म्हटलं.

हे वाक्य मी अकरा वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. प्रत्येक वाचनानंतर वाचकाला 'जसे आहे तसे वाचले' या ओळीखाली सही करावी लागते. कागद आम्ही घरी देत नाही. सुरुवातीला देत होतो, पण तासगावच्या दोघा भावांनी बापाची वाटणी हातात घेऊन आईशी भांडण काढलं, तेव्हापासून बंद केलं. म्हणजे लोकांना त्यांचं कारण कळतं ते फक्त आमच्या तोंडून. मी कधी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

बारा जानेवारीला माझा नवरा गेला.

भरतेश मगदूम. शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. फुलाचे भाग, पचनसंस्था, जलचक्र. सगळं घरी बसून, पडद्यावर. आठ वर्षं मधुमेह होता, पण ताब्यात आहे असं आम्ही समजत होतो. त्या दिवशी साडेबाराला मी घरातून निघाले. माझी पाळी एक ते नऊ. एक वाजून दहा मिनिटांनी शेजाऱ्यांचा फोन आला. तो खुर्चीतच बसलेला होता, हृदय बंद पडलेलं. समोर पडद्यावर अर्धवट रंगवलेलं मूत्रपिंड होतं. सत्तावन्न वय.

आम्हाला मूल नाही. घरात मी आणि माझ्या सासूबाई, आक्काताई. मी त्यांना आई म्हणते. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, बाकी सगळं शाबूत. साठीच्या आत कुणी अशा आजाराने गेलं तर घरच्यांच्या संमतीने त्याचंही वाचन होतं. संमतीच्या कागदावर मी सही केली. इतरांना मी समजावते ना, की कारण कळलं की मन शांत होतं. आपणच कशी नाही म्हणणार?

पाचव्या दिवशी आईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. पलंगावर बसल्या होत्या, हातात जपमाळ होती पण मणी हलत नव्हते.

"त्याचं ते वाचन येणार नव्हं?"

"येईल आई. दीड महिना लागतो."

"आलं की मला सांग. सगळं नको. माझ्या हातनं काय झालं असंल, तर तेवढंच सांग."

"तुमच्या हातून काय होणार, आई?"

"ते तू आत्ता सांगू नगंस. तू खोटं सांगत न्हाईस, असं भरतेश म्हणायचा. म्हणून तुला विचारतेय."

मी हो म्हटलं. म्हणताना मला जड गेलं नाही. म्हाताऱ्या माणसाला असं वाटतंच, वाचनात काही निघणार नाही, मग सांगून टाकू, असं मनात होतं.

तो दीड महिना कसा गेला ते सांगते. आमच्या घरात एकवीस वर्षं दोन स्वयंपाक होत आले. आई जैन धर्मातला नेम पाळतात, दिवस मावळायच्या आत जेवायचं, अंधार पडल्यावर पाणीसुद्धा नाही. लहानपणी त्यांनी भरतेशलाही मुनींसमोर तो नेम दिला होता. आई संध्याकाळी सहाला ज्वारीच्या भाकऱ्या भाजतात, आमटी, दोडका नाहीतर पडवळ, वर तूप. साडेसहाला जेवतात, हिवाळ्यात त्याच्याही आधी, आणि आठला झोपतात. मी पावणेदहाला घरी येते आणि कुकरला भात लावते.

लग्न झालं तेव्हा मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होते, तिथलीही वेळ हीच. माहेरी आम्हीही जैन, पण नेमाधर्माच्या बाबतीत आमचं घर जरा सैल. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच भात खात होते. भरतेश पाणी प्यायला आला, बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बघते तर जमिनीवर दोन पाट मांडलेले, दोन ताटं. "उद्यापासून मी थांबतो," म्हणाला. मी विचारलं, नेमाचं काय? तो म्हणाला, "नेम आईनं घ्यायला लावला. माझं मी बघतो. तू तिला सांगू नकोस." एकवीस वर्षं तो थांबला. एकवीस वर्षं मी एकटीने जेवले नाही.

आईंचं काय, असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. "तिच्याजवळ नुसता बसतो," तो म्हणाला. "एक घास तोंडात टाकतो, तिला बरं वाटतं." ते मला पटलं. रविवारी मी घरी असायची तेव्हा मात्र तो आईंबरोबर पोटभर जेवायचा आणि रात्री माझ्यासोबत ताक घेऊन बसायचा. आठवड्यातून एक दिवस जड खाल्लं तर चालतं, असं मीच म्हणायची. मला त्या वेळी भूक नसायची, मी चहा घ्यायची.

तो गेल्यावर मी पुन्हा ओट्याशी उभी राहून खायला लागले. पाट मांडायचा कंटाळा नाही, पण दुसरा पाट मांडायचा की नाही हे रोज ठरवावं लागायचं. आई साडेसहाला एकट्या जेवत होत्या, मी दहाला एकटी जेवत होते. मधे साडेतीन तास आणि एक भिंत. एकवीस वर्षं एका घरात राहून आम्ही दोघींनी एकमेकींसमोर बसून संध्याकाळचा घास घेतला नव्हता, आणि हे माझ्या लक्षात यायला त्याला जावं लागलं. मला त्यांची कीव यायची आणि स्वतःची जास्त यायची. पण त्यांच्याशी काय बोलायचं ते सुचायचं नाही. आमच्यात जे काही बोलणं असायचं ते भरतेशमार्फत असायचं. आई काय म्हणते, त्रिशला काय म्हणते, हे तोच इकडून तिकडे पोचवायचा, आणि पोचवताना वाटेत काय गाळायचा हे आम्हाला कळत नव्हतं.

फेब्रुवारीच्या अखेरीला वाचन आलं.

आपल्या माणसाचं वाचन आपण करायचं नाही, असा नियम आहे. ते माझी सहकारी रेहाना मुजावर करणार होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, लोकांना पाणी विचारल्याशिवाय सुरुवात करत नाही. मी तिला नेहमी म्हणायची, इतकं हळवं राहून या कामात टिकायची नाहीस. त्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. ती खुर्ची बुटकी आहे. अकरा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"त्रिशलाताई, पाणी?"

"वाच."

तिने वाचलं. आनुवंशिक तेरा. बैठक सतरा. झोप सोळा. कारण न सापडलेले एकोणीस. मी मनात बेरीज केली, पासष्ट. अजून पस्तीस उरत होते. पस्तीस म्हणजे फार मोठा वाटा. रेहाना पडद्याकडे बघत राहिली.

"थांबू नकोस," मी म्हटलं.

"ताई, भाऊजी दोनदा जेवायचे का हो रात्री?"

"नाही."

"यकृताला दोन संध्याकाळी आहेत."

मला लगेच कळलं. या कामात नसलेल्याला समजावून सांगायला हवं. शरीरात मुख्य घड्याळ मेंदूत असतं, ते उजेड-अंधारावर चालतं. यकृताला मात्र स्वतःचं वेगळं घड्याळ असतं आणि त्याचे काटे जेवणाने फिरतात. दिवसाचं शेवटचं मोठं जेवण पोटात गेलं की यकृत समजतं, आता संध्याकाळ झाली, आवरायला घ्या. साखर साठवायची, चरबीचं काम रात्रीवर टाकायचं. तिकडे स्वादुपिंडही अंधार पडला की इन्सुलिन द्यायला आळस करतं. अशा वेळी आवरून झालेल्या यकृतापुढे दुसरं जेवण आलं तर त्याला दुकान पुन्हा उघडावं लागतं. एखाद्या दिवशी काही होत नाही. वर्षानुवर्षं रोज झालं की घड्याळाच्या खुणाच बदलतात. एका दिवसाला दोन संध्याकाळी दिसायला लागतात. साखर रात्रभर रक्तात फिरत राहते आणि रक्तवाहिन्या आतून खरखरीत होत जातात.

"पहिली संध्याकाळ साडेसहाच्या सुमाराची," रेहाना म्हणाली. "ज्वारीची. दुसरी दहाच्या पुढची, भाताची."

तेही यंत्राला कळतं. ज्वारी, मका, ऊस ही पिकं हवेतला कार्बन एका रीतीने घेतात, भात-गहू दुसऱ्या रीतीने. ज्वारीतला कार्बन वजनाला किंचित जड असतो, आणि तो केसात, चरबीत आपली खूण ठेवतो. कुणाच्या घरात काय शिजतं हे केसावरून ओळखून मी लोकांना चकित करत आले होते.

"दोन्हीचे मिळून पस्तीस. एकटं कुठलंही जेवण असतं तरी एवढं झालं नसतं, ताई. दोन्ही झाली म्हणून झालं. आकारमानाप्रमाणे यंत्राने वाटून दिलेत. ज्वारीचे बावीस. भाताचे तेरा."

बावीस म्हणजे तीन भाकऱ्या. मला आईंचा रविवारचा आवाज ऐकू आला, "घे रे, रात्री पोटाला काय आधार न्हाई." त्यांना वाटायचं, याचं हेच शेवटचं जेवण. म्हणून त्या एक भाकरी जास्त वाढायच्या. मला वाटायचं, हा दुपारपासून माझ्यासाठी थांबलेला. म्हणून मी त्याच्या भातावर पुन्हा भात वाढायची. तो दोघींनाही नाही म्हणत नव्हता. त्याच्या दंडावर साखर मोजणारं बटण होतं. संध्याकाळी साडेपाचला तो ते काढून चार्जिंगला लावायचा, मी पावणेदहाला आले तरी ते तिथेच असायचं, आणि झोपताना पुन्हा बसवायचा. ते बटण चार्ज व्हायला अर्धा तास पुरतो, हे मला माहीत होतं. लोकांच्या यकृतात डोकावून पोट भरणारी बाई मी, मला ते माहीत होतं आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो थांबायचा बंद झाला असता. मला एकटीने जेवायचं नव्हतं. खरं कारण हे आहे, आणि ते कुठल्या यंत्राने सांगितलेलं नाही.

रेहानाने सहीचा कागद पुढे केला नाही, नुसता टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आजींना काय सांगणार?"

"जसं आहे तसं," मी म्हटलं.

रविवारपर्यंत तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी मनातल्या मनात आईंना पन्नास प्रकारे सांगून पाहिलं. दोघींच्याही हातून झालं, असं सांगायचं. कुणाच्याच हातून नाही, दोन जेवणं मिळून झालं, असं सांगायचं. त्यांच्या जागी माझ्यासमोर कुणी परकी बाई असती तर मी बावीस म्हटलं असतं आणि पुढचं वाचलं असतं. माणसं ऐकतात, रडतात, घरी जातात. घरी गेल्यावर त्यांचं काय होतं, हे मी कधी बघितलं नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई बावीस हा आकडा घेऊन कुठे जाणार? रोज संध्याकाळी सहाला त्याच तव्यापुढे उभी राहणार.

रविवारी दुपारी तीन वाजता मी त्यांच्या खोलीत गेले. त्या खिडकीपाशी बसून मूग निवडत होत्या. मी खाली सतरंजीवर बसले.

"आलं व्हय?"

"आलं, आई."

त्यांनी ताट बाजूला सारलं, हात पदराला पुसले. शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसल्या.

"आनुवंशिक तेरा," मी सुरू केलं. "खुर्चीचे सतरा. जागरणाचे सोळा. एकोणिसांचं कारण यंत्राला सापडलं नाही."

"आणि जेवणाचे?"

"पस्तीस."

त्यांचा हात मांडीवर होता, त्याची बोटं जपमाळेचे मणी ओढल्यासारखी हलायला लागली.

"सगळे रात्रीच्या जेवणाचे," मी म्हटलं. "तो रात्री दहाला माझ्याबरोबर जेवायचा. रोज. संध्याकाळी तुमच्याबरोबर जेवायचा ते बरोबर होतं, आई. तेवढंच जेवला असता तर त्याला काही झालं नसतं. नंतर माझ्यासाठी थांबून पुन्हा जेवायचा, त्यानं झालं. तुमच्या हातून काही झालं नाही."

आवाज माझा नेहमीचाच होता, वाचनाचा. अकरा वर्षांच्या सवयीचा उपयोग झाला.

"रात्री दहाला," आई म्हणाल्या.

"हो."

"म्हंजे त्यानं नेम मोडला."

"हो."

"किती दिवस?"

"लग्न झाल्यापासून."

"आणि तू वाढत हुतीस."

"हो. मी वाढत होते."

मला वाटलं, आता विचारतील, माझ्या ज्वारीचं काय, इतका जेवायचा तो माझ्याकडं. त्या हुशार आहेत, विचारलं असतं तर मी किती वेळ टिकले असते सांगता येत नाही. पण त्यांनी विचारलं नाही. भिंतीला धरून उठल्या, देवघराकडे गेल्या आणि दार लावून घेतलं. मी तिथेच बसून उरलेले मूग निवडले. ज्या बाईने मुलाला नेमात वाढवलं, तिला मी तिचा मेलेला मुलगा नेम मोडणारा करून दाखवला होता. एक ओझं उतरवताना दुसरं ठेवलंच. पण त्यातलं हे हलकं असेल असं मला वाटलं, कारण राग धरायला त्यात मी होते.

एकोणीस दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझा कप विसळून वेगळा ठेवायच्या. हुपरीहून त्यांच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी दारापाशी होते. "रात्रीचं खायला घालून घालून मारलं गं माझ्या लेकराला," असं त्या म्हणत होत्या. मग नातेवाइकांचे फोन मला यायचे बंद झाले. भरतेशच्या चुलतबहिणीने दुकानात बघून न बघितल्यासारखं केलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. घरात बोलायला कुणी नाही, बाहेर कुणी नाही, आणि खरं काय ते सांगायची सोय नाही. केंद्रात रेहानाने एकदा विचारलं, "आजींनी कसं घेतलं?" मी म्हटलं, "घेतलं." 'जसे आहे तसे वाचले' या ओळीखाली मी रोज दहा सह्या करते. पेन अडखळत नाही. अडखळेल असं मला वाटलं होतं.

विसाव्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुला सकाळची पाळी मिळंल का?"

"मागितली तर मिळेल."

"माग."

मी मागितली. एक तारखेपासून मला सात ते तीन मिळाली. पहिल्या दिवशी साडेतीनला घरी आले, काय करायचं ते कळेना म्हणून कपाट आवरलं. सहा वाजता परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला. मी मदतीला गेले तर आईंनी मान हलवून नको म्हटलं. साडेसहाला त्यांनी दोन पाट मांडले. मावळतीचं ऊन स्वयंपाकघरात पार ओट्यापर्यंत आलं होतं. एकवीस वर्षांत या वेळी मी इथे जेवायला कधी बसले नव्हते. भरतेश रोज इथे, या पाटावर बसायचा.

त्या समोर बसल्या.

"माफबिफ केलेलं न्हाई मी तुला," म्हणाल्या. "ते जमायचं न्हाई. पर रात्रीचं खाऊन तूबी मरायला नगंस. एवढं मोठं घर, मी कुणाशी बोलू? जेव."

मी जेवले. मुगाची आमटी होती, पडवळाची भाजी, शेंगदाण्याची चटणी. एक भाकरी झाली, दुसरी झाली. माझं पोट भरलं होतं. माझी साखर काठावर आहे, डॉक्टरांनी संध्याकाळी एका भाकरीवर थांबायला सांगितलंय, आणि हे मी इतरांना रोज सांगते. मी ताटावर हात आडवा धरायला गेले, तेवढ्यात आईंनी तिसरी भाकरी माझ्या ताटात टाकली.

"खा. त्यालाबी मी कधी दोनीवर उठू दिलं न्हाई." तुपाचं भांडं त्यांनी जवळ ओढलं. जानेवारीपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा होता. "तू वाचलंस नव्हं, माझ्या हातच्यानं त्याला काय झालं न्हाई म्हणून. पोटात माझं होतं तोवर चांगला हुता त्यो."

त्या मला बघत होत्या. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. भरतेश इथे बसून रोज हेच ऐकत असेल, आणि रोज त्याला तो एक शब्द सापडत नसेल. मला आजवर वाटायचं की तो भिडस्त होता.

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"आई, तूप थोडं जास्त घाला," मी म्हटलं.